दलाल नाही, मग भाजी निम्म्या भावात का नाही?

प्रश्न : आमच्या घराजवळ दर रविवारी शेतकरी आठवडे बाजार भरतो. ‘शेतकऱ्याकडून थेट ग्राहकाला’ असा मोठा फलक लावलेला असतो. मधे अडत्या नाही, किरकोळ विक्रेता नाही. तरी टोमॅटो कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापेक्षा फार तर पाच-दहा रुपयांनी स्वस्त. मग मधल्यांचे पैसे वाचले ते गेले कुठे? आणखी एक : टोमॅटोचा भाव सगळ्या गाळ्यांवर जवळपास सारखा, पण अंबाडी किंवा कर्टोली दर गाळ्यावर निराळ्या भावानं. हे भाव ठरवतं तरी कोण?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : भाव शेतकरीच ठरवतो, निदान कागदावर तरी. महाराष्ट्रात आठवडे बाजारासाठी सरकारी दरपत्रक नाही. जुलै २०१६ मध्ये राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला. लगेच ऑगस्टमध्ये मुंबईत थेट विधान भवनाच्या आवारात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरू लागला. पणन मंडळाच्या या मोहिमेला नाव दिलंय संत सावता माळी यांचं. सरकारी योजनांची नावं क्वचितच इतकी चपखल बसतात. अरणच्या या संतानं आपल्या मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहिला होता.

दक्षिणेतल्या काही राज्यांनी दुसरी वाट धरली. आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ रोजी ‘रयतू बाजार’ सुरू झाले. तिथली रीत अशी की बाजाराचा अधिकारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी सकाळी बसून त्या दिवसाचा दर ठरवतात : घाऊक भावाच्या साधारण पंचवीस टक्के वर आणि गावातल्या किरकोळ भावाच्या साधारण पंचवीस टक्के खाली. तो दर फळ्यावर लिहिला की सगळ्यांनी त्याच दरानं विकायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मदुराईत सुरू झालेल्या तमिळनाडूच्या ‘उळवर संदै’मध्येही दर ठरवून देण्याचीच पद्धत. आपल्याकडे काही बाजारांत संयोजक गट सकाळी भाव सुचवतो, पण बहुतेक ठिकाणी ज्याचा माल त्याचा भाव.

मला विचाराल तर फळ्याची पद्धत टोमॅटो-बटाट्याला ठीक आहे. पण सकाळी साडेपाचला देठासकट तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या कोवळ्या गवारीला आणि दोन दिवसांपूर्वीच्या जून गवारीला एकच दर लावला, तर कोवळी आणणारा पुढच्या आठवड्यापासून तसदी घेणार नाही.

टोमॅटोचा भाव सारखा का, याचं उत्तर यार्डात आहे. टोमॅटोला रोजचा जाहीर भाव असतो. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात फळभाज्यांचे भाव दहा किलोला आणि पालेभाज्यांचे शेकड्याला, म्हणजे शंभर जुड्यांना निघतात. ते वर्तमानपत्रात येतात आणि हल्ली व्हॉट्सॲपवर त्याच्याही आधी. आठवडे बाजारात येणाऱ्या शेतकऱ्यानं तो आकडा रात्रीच पाहिलेला असतो. गिऱ्हाइकानंही सकाळी कोपऱ्यावर भाव विचारलेला असतो. दोन्ही आकडे दोघांनाही ठाऊक, म्हणून मधल्या पट्ट्यात सगळे एकाच जागी येऊन थांबतात. बाजार लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात नीट पाहा : कोणी पाटी लावत नाही. प्रत्येक जण क्रेट लावता लावता शेजारच्याला हळूच विचारतो, “किती लावतोय?” मग पाट्या लागतात.

कर्टोल्याचं तसं नाही. रानात हिंडून वेलावरनं एकेक वेचायची. त्यांचा भाव म्हणजे वेचणाऱ्याची मजुरी. एकीला घरामागच्या टेकाडावर मिळाली, दुसरीनं त्यासाठी अर्धा दिवस घातला. दोघींचे भाव निराळे असणारच. गिऱ्हाइकालाही वर्षातनं दोन-चारदाच दिसणारी भाजी असल्यानं ‘परवा किती होती’ हे आठवत नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येऊ. एक हिशोब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेत. आपापल्या भागातले घालून कोणीही पुन्हा करून पाहावा.

हवेली तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे दोनशे किलो फळभाजी आहे, टोमॅटो-वांगी-गवार अशी मिसळ. यार्डात सरासरी दहा किलोला २०० रुपये, म्हणजे किलोला २० मिळाले. एकूण ४,०००. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून ६०० गेले. पट्टी आली ३,४०० रुपयांची. माल रात्री गाडीत चढवून दिला होता, त्यामुळे दिवसभर नवरा-बायको रानातल्या कामाला मोकळे.

तोच माल रविवारी आठवडे बाजारात नेला. टेम्पो १,२००. गाळ्याचं भाडं २००. दोघं दिवसभर उभी. दुसऱ्याच्या रानात रोजानं गेली असती तर मिळाले असते असे प्रत्येकी ५०० धरले, तर १,०००. पिशव्या, चहा, जेवण २००. झाले २,६००. शिवाय दोनशे किलो आणले म्हणजे दोनशे किलो विकले जात नाहीत. वाटेत दबलेले टोमॅटो, गिऱ्हाइकांनी चाचपून बाजूला सारलेली वांगी, अर्धा किलो मोजताना हात सैल सोडून वर टाकलेले दोन नग, आणि संध्याकाळी क्रेटच्या तळाशी राहिलेलं. तीस किलो यात गेले. विकले गेले १७०.

३० रुपये किलोनं विकलं तर गल्ल्यात ५,१०० येतात. खर्च वजा जाता २,५००, म्हणजे यार्डापेक्षा ९०० रुपये कमीच. ३५ नं विकलं तर ५,९५० येतात, उरतात ३,३५०. जेमतेम यार्डाशी बरोबरी. ४० नं विकलं तर ४,२०० उरतात आणि तेव्हा कुठे एवढ्या खटाटोपाचे ८०० रुपये वरचे सुटतात. या शेतकऱ्याचा तळ ३५-३६ रुपये आहे. कोपऱ्यावर तीच भाजी ५० ला असेल तर त्याला हलायला जागा आहे ती एवढ्या चौदा-पंधरा रुपयांत. तुम्हाला दिसलेला पाच-दहा रुपयांचा फरक इथून येतो.

अडत्या आणि किरकोळ विक्रेता बाजूला झाले, पण त्यांची कामं राहिलीच. ती शेतकऱ्यानं अंगावर घेतली आणि त्यांचे पैसे त्या कामांत गेले. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले किती पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात ते काढलं होतं : टोमॅटोत सुमारे ३३, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. हे आकडे ऐकून आपल्याला वाटतं की उरलेले साठ-पासष्ट पैसे कोणीतरी खाल्ले. काही खाल्लेही जात असतील. पण त्यात गाडी आहे, हमाल आहे, सडलेला माल आहे आणि उन्हात दहा तास बसणाऱ्या कोपऱ्यावरच्या बाईचा दिवसही आहे.

खरी मेख मजुरीत आहे. वरच्या हिशोबातले मजुरीचे १,००० काढून टाका आणि ३० रुपये भावानं पुन्हा मांडा. हातात ३,५०० येतात. यार्डाचे ३,४०० होते. शेतकरी घरी जाऊन सांगतो, शंभर रुपये जास्त मिळाले. दोन माणसांच्या अख्ख्या दिवसाचे शंभर! गंमत म्हणजे दिल्लीचा कृषिमूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना जो उत्पादन खर्च धरतो, त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवलेली असते. आयोग जे कागदावर मोजतो ते शेतकरी स्वतःच्या गाळ्यावर मोजत नाही. भाजीपाल्याला तर हमीभावही नाही, म्हणजे तिथे मोजणारं दुसरं कोणीच नाही.

मग भाव खाली यायला वाव कुठे आहे? माल वाढवण्यात. त्याच टेम्पोत, त्याच दोन माणसांनी, शेजारच्या भावकीचा माल मिळवून चारशे किलो आणले आणि त्यातले ३४० विकले, तर खर्च तेवढाच. यार्डात त्या चारशे किलोंचे भाडं-हमाली जाऊन ७,००० सुटले असते असं धरलं, तरी तळ २८ रुपयांवर येतो. पण अर्धा-अर्धा किलोच्या हिशोबानं ३४० किलो म्हणजे ६८० वेळा काटा. बाजार सहा तासांचा धरला तर मिनिटाला जवळजवळ दोन वजनं, आणि मधे पैसे मोजणं, कोथिंबीर वर टाकणं, ‘मावशी, पिशवी आणली नाही का?’ हे सगळं. म्हणून गट करून येणारे शेतकरी स्वस्त विकू शकतात आणि एकटा विकू शकत नाही. पुढच्या रविवारी सगळ्यात स्वस्त गाळा कोणता ते पाहा; तिथे बहुधा तीन-चार माणसं हात चालवत असतील.

एक गोष्ट मात्र खरी. यार्डाचा भाव कोसळला की आठवडे बाजाराची किंमत शेतकऱ्याला कळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव लागला आणि भाडं, हमाली, तोलाई कापून त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून दहा रुपये किलोनं शंभर किलो विकले असते तरी हजार रुपये आले असते.

प्रश्न : आमची पुरंदर तालुक्यात अंजिराची बाग आहे. आजवर माल यार्डात जायचा. यंदा सासूबाई आणि मी आठवडे बाजारात बसायचं ठरवलंय. सुरुवातीला भाव कमी ठेवून गिऱ्हाईक जोडावं आणि मग वाढवावा, असं घरच्यांचं म्हणणं. योग्य आहे का?
— एक शेतकरी भगिनी

उत्तर : नको. पहिल्या रविवारी ८० रुपयांनी दिलेलं अंजीर चौथ्या रविवारी १२० ला कोणी घेणार नाही. तुमच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात तुमच्या अंजिराची किंमत ८० हीच पक्की झालेली असते. गिऱ्हाईक जोडायचं तर चव द्या. एक पिकलेलं अंजीर चार फोडी करून ताटलीत ठेवा. चार माणसांनी खाल्लं तर एक फळ गेलं; भाव वीस रुपयांनी उतरवला तर प्रत्येक किलोमागे वीस रुपये गेले.

भाव काढताना अंजिराच्या स्वभावाकडे पाहा. यार्डात पाठवायचं अंजीर थोडं कडक असतानाच काढावं लागतं, कारण ते दोनदा-तीनदा हाताळलं जातं. तुम्ही स्वतः विकणार म्हणजे झाडावर पुरतं पिकलेलं आणू शकता. तुमचा वरचा भाव याच गोष्टीचा आहे, आणि गिऱ्हाइकाला तो सांगायलाही हाच शब्द आहे : “झाडावर पिकलंय, आजच खायचं.” पण हेच फळ उद्यापर्यंत थांबत नाही. दहा किलो आणलं आणि सात विकलं, तर उरलेलं तीन किलो दुसऱ्या दिवशी आंबलेलं असतं. दहा किलोंचे सरासरी ८० प्रमाणे ८०० सुटायला हवे असतील तर सात किलोंनी ते ८०० आणले पाहिजेत. भाव ११४ च्या खाली नको. टोमॅटोवाला उरलेलं बुधवारच्या बाजारात नेतो, तुम्हाला ती सोय नाही. म्हणून पहिले काही रविवार माल बेतानं आणा. दुपारी एकलाच संपला तरी चालेल.

माल घरीच दोन पाट्यांत निवडून आणा. एक नंबर वेगळा. फाटलेला, दबलेला, लहान असा बदला वेगळा आणि त्याचा भाव सरळ कमी. दोन्ही एकत्र ठेवलं तर प्रत्येक गिऱ्हाईक चाचपून चांगलं वेचतं आणि शेवटी तुमच्याकडे सगळा बदलाच उरतो, तोही चाचपल्यानं आणखी दबलेला. बदल्याला जॅम करणारे, मिल्कशेकवाले घेतात. एखाद्या ज्यूस सेंटरवाल्याशी आधीच बोलून ठेवलं तर संध्याकाळी घाई होणार नाही.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते नाव पाटीवर लिहिलं की दहा-वीस रुपये जास्त लावता येतात हे खरं, पण मानांकनाचं नाव आणि खूण वापरायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तालुक्यातल्या उत्पादक संघाकडे चौकशी करा. ‘सेंद्रिय’ म्हणून चढा भाव लावायचा विचार असेल तरी तेच. ज्यात शेतकरीच गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात, ती पीजीएस पद्धत लहान शेतकऱ्याला झेपते. नुसतं ‘विषमुक्त’ लिहिलेल्या पाट्या बाजारात इतक्या झाल्यात की गिऱ्हाईक आता त्या वाचतही नाही.

बाजारात बसल्यावर तुम्हाला आणखी एक प्रकार भेटेल, म्हणून आधीच सांगते. नोकरी सांभाळून हौसेची शेती करणारी, किंवा निवृत्तीनंतर बाग लावलेली मंडळी कधीकधी शेजारीच गाळा लावतात आणि निम्म्या भावात माल देतात. त्यांना पेन्शन आहे, मजुरी धरायची नाही, फळं वाया गेली नाहीत याचाच आनंद. माणसं भली असतात, पण ज्यांचं घर त्या गाळ्यावर चालतं त्यांचा बाजार ती उठवतात. अशा वेळी तुम्ही भाव उतरवू नका. त्यांचे दहा किलो तासाभरात संपतात. आणि ती मंडळी हे वाचत असतील तर एवढंच : भाव शेजाऱ्याइतका लावा आणि दान करायचं ते घरून करा.

प्रश्न : हापूस डझनावर, फळभाजी किलोवर, मेथी जुडीवर. सगळं किलोवर का नाही? यात विकणाऱ्याची काही चलाखी असते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : थोडी सोय, थोडी चलाखी. पालेभाजी किलोवर विकली तर पाणी मारून वजन वाढवता येतं आणि तासाभरात ती सुकली की विकणाऱ्याचंच वजन घटतं. जुडी दोघांनाही बरी. पण जुडीचा भाव फारसा हलत नाही, हलते ती जुडी. मेथी महाग झाली की दहाची जुडी पंधराची होण्याआधी ती बारीक होते. भाव दहा, वीस, तीस अशा टप्प्यांनीच चढतो कारण सुट्ट्या पैशांची झंझट नको. आणि क्यूआर कोड आले तरी ‘सतरा रुपये जुडी’ असं अजून कोणी म्हणत नाही.

फळभाजीतही हेच पाहा. पुण्यात बरेच विक्रेते भाव किलोला सांगतच नाहीत, पावाला सांगतात : “वीस रुपये पाव.” ऐकायला वीस, प्रत्यक्षात ऐंशी. किलोचे भाव ४०, ६०, ८० असेच जास्त का दिसतात, तर त्यांचा पाव १०, १५, २० असा सरळ येतो. वरच्या हिशोबातल्या शेतकऱ्याचा तळ ३५-३६ असला तरी त्याच्या पाटीवर ४० येण्याचं हेही एक कारण. ३६ चा पाव नऊ रुपये. रुपया परत देत कोण बसणार?

आंब्यात मात्र डोळे उघडे ठेवा. डझनाला ६०० हा भाव सांगितला तर फळ किती ग्रॅमचं ते विचारा. अडीचशे ग्रॅमचं फळ असेल तर डझन तीन किलोंचा, म्हणजे किलोला २०० पडले. दोनशे ग्रॅमचं असेल तर डझनात दोन किलो चारशे ग्रॅम आणि किलोला २५०. बागायतदाराला हे आकडे तोंडपाठ असतात, कारण पेटी भरताना तो फळं आकारानुसारच लावतो. विचारलं तर सांगतोही.

प्रश्न : संध्याकाळी सातनंतर सगळं निम्म्या भावात मिळतं. मग सकाळी जाणाऱ्यांनी जास्त का द्यायचे? आणि शेतकऱ्याशी घासाघीस करावी की नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सकाळी जाणाऱ्यांना निवडायला मिळतं, त्याचे जास्त. पण शेतकऱ्यांनी संध्याकाळी भाव असा पाडू नये, या मताची मी आहे. दोन-तीन आठवड्यांत नेहमीचं गिऱ्हाईक उशिरा यायला शिकतं आणि मग सकाळची विक्रीच बसते. पालेभाजी परत नेऊन उपयोग नाही, ती शेवटच्या अर्ध्या तासात जाऊ द्यावी. तीही ‘दहाची पाचला’ म्हणून नाही तर ‘चार जुड्या पंचवीस’ म्हणून. पाटीवरचा भाव तसाच राहतो आणि माल मात्र जास्त निघतो. भोपळा, कांदा, बटाटा, कच्चा टोमॅटो यांचा भाव उतरवायचं काही कारण नाही. ते घरी जाऊ शकतात. जवळपासच्या एखाद्या खानावळीशी किंवा मेसशी ठरवून ठेवलेलं बरं : सातला उरेल ते ठरलेल्या भावानं उचलायचं.

घासाघीस करायला हरकत नाही. फक्त अर्धा किलोवर पाच रुपये कमी करून मागू नका. पाच किलो घेऊन भाव विचारा. एकदम जास्त माल गेला तर शेतकऱ्याचा वेळ आणि तूट दोन्ही वाचतात, तेव्हा तो मनापासून कमी करतो. लोणच्याच्या कैऱ्या, सॉससाठी टोमॅटो, वर्षाचा लसूण असं घ्यायचं असेल तर आदल्या आठवड्यात सांगून ठेवा. तो भाव बाजारातल्या कुठल्याच पाटीवर लिहिलेला नसतो.

प्रश्न : हंगामभर एकच भाव ठेवणारे काही विक्रेते दिसतात. ते परवडतं कसं?
— एक वाचक, पणजी

उत्तर : दरवेळी परवडत नाही. २०२३ चा टोमॅटो आठवा : मे महिन्यात शेतकरी तो रस्त्यावर ओतत होते आणि जुलैत शहरांत त्यानं किलोची शंभरी ओलांडली. ४० वर कायम राहणाऱ्याला मेमध्ये गिऱ्हाईक मिळालं नसतं आणि जुलैत त्याच्याकडून घाऊक घेऊन शेजारच्या गल्लीत विकणारेच रांगेत उभे राहिले असते. एकच भाव चालतो तो ठरलेल्या कुटुंबांना आठवड्याची टोपली पोचवणाऱ्यांना, कारण तिथे दोन्ही बाजूंनी वर्षभराचा शब्द दिलेला असतो. उघड्या बाजारात भाव हलणारच. तुमच्याकडे तर फलोत्पादन महामंडळाच्या दुकानांतून सवलतीच्या दरात भाजी मिळते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या गावठी भाजीवालीला तो भाव समोर धरूनच आपला भाव सांगावा लागतो. ती स्वस्तात उतरत नाही, तांबडी भाजी आणि गावठी वाल यांच्यावर टिकून राहते, ज्या त्या दुकानात सहसा नसतात. तिचं गणित बरोबर आहे.

प्रश्न : बाजारात बचत गटाच्या बायका पापड, मसाले विकतात, काहींच्या पुड्यांवर किंमतच नसते. चालतं का? आणि काटा खरा की खोटा हे कसं ओळखावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सुटा माल तोलून दिला तर छापील किमतीचा प्रश्न नाही. आधीच भरून बंद केलेल्या पुडीवर मात्र कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख आणि करणाऱ्याचं नाव-पत्ता लिहावाच लागतो. पापड-मसाल्यासारख्या प्रक्रिया केलेल्या मालाला अन्न सुरक्षेची नोंदणीही हवी. गटांनी या खर्चाचा धसका घेऊ नये, पण तो पुडीच्या भावात धरायला विसरूही नये. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी वैधमापन विभागाकडून करून घ्यायची असते. काट्यावर त्याचा शिक्का आणि विक्रेत्याकडे प्रमाणपत्र असतं. शंका आली तर ते मागा. त्याआधी सोपी परीक्षा : घरून एक किलोची बंद मिठाची पिशवी नेऊन काट्यावर ठेवा. प्लास्टिकचे चार-सहा ग्रॅम सोडले तर आकडा किलोचाच यायला हवा.

शेतकरी वाचकांना एक विनंती. आपल्या एखाद्या बाजारदिवसाचा हिशोब, म्हणजे किती माल नेला, किती विकला, भाडं किती, घरची किती माणसं होती आणि त्याच दिवशी यार्डाची पट्टी काय निघाली असती, एवढं एका कागदावर लिहून पाठवा. नाव छापणार नाही, पीक आणि तालुका तेवढा छापू. निवडक हिशोब पुढच्या अंकांत याच पानावर देऊ.